यंत्राचा फलक आणि व्यापाऱ्याची वही

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आमच्याकडे क्रिप्टोच्या यंत्र-व्यापाराचा विषय सोपविला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. वैशाखातल्या संध्याकाळी ऊन ओसरल्यावर दोन चांगले शब्द कानी पडतील म्हणून नांदेडकर मंडळी घरून निघतात. त्यांच्यापुढे आकड्यांचे चऱ्हाट वळावयाचे हे आम्हांस बरे वाटेना. शिवाय आमचा जन्म हिशेबशास्त्र शिकविण्यात गेला. या यंत्रांशी ओळख झाली ती उतारवयात. परंतु त्याच आठवड्यात लातूरला जाणे झाले, मार्केट यार्डात एका जुन्या स्नेह्यांच्या आडतीवर तासभर बसणे झाले, आणि तेथे जे पाहिले त्यामुळे नकाराचा होकार करावा लागला.

दुपारची वेळ. सौदा आटोपला होता, हमाल कट्ट्यांची थप्पी लावीत होते आणि आमचे स्नेही गादीवर मोबाईल हातात धरून बसले होते. आम्हांला पाहताच त्यांनी तो पुढे केला. "सर, हे बघा. एकेचाळीस हजार तीनशे फायदा दाखवायलंय. आन् पेढीच्या खात्यात बघावं तर एकतीस हजार कमीच. कुणी खाल्ले म्हणावं का काय?" पडद्यावर हिरव्या अक्षरांत खरोखरच ४१,३०० हा आकडा झळकत होता. दोन लाख रुपये घातलेले. म्हणजे फलकाच्या मते ते २,४१,३०० झाले होते. आणि ज्या पेढीवर हे पैसे ठेवले होते, तिच्या खात्यात शिल्लक होती २,१०,३००. तीस वर्षे तूर-सोयाबीनच्या हिशेबपट्ट्या लिहिणारा हा माणूस. एका पट्टीत दहा रुपयांची हमाली चुकली तरी त्याच्या ती ध्यानात येते. त्याला या फलकापुढे गोंधळलेला पाहून आम्हांला हा विषय बोलण्याजोगा वाटला.

लातूरचा आडत्या या वाटेला गेला कसा, असे कोणी विचारील. कारण फार दूरचे नाही. तुरीचे वायदे २००७ पासून बंद आहेत. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सोयाबीन, हरभरा धरून सात जिनसांचे वायदे थांबविले आणि ती बंदी पुढे वारंवार वाढवीत नेली. भावाची चढउतार पाहून सौदा करण्याची ज्यांच्या हाताला सवय, त्यांतले काही शेअरबाजारात गेले, काही क्रिप्टोत. ही चाल बरी की वाईट याचा निवाडा येथे करावयाचा नाही. क्रिप्टो हे आपल्या देशात कायदेशीर चलन नाही. पण ते बाळगणे वा विकणे हा गुन्हाही नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या धंद्यापासून दूर राहण्यास सांगितले होते, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. तेव्हापासून खेड्यापाड्यांतूनही मोबाईलवर हा व्यापार चालतो, हे सत्य आहे. चालतोच आहे तर त्याचा फलक वाचता यावा, एवढीच आमची मर्यादित इच्छा.

आता बॉट म्हणजे काय ते पाहू. मोंढ्यावरचा सौदा ठराविक वेळी निघतो व संपतो. रविवारी सुटी असते. बिटकॉइन आणि त्याची भावंडे यांचा बाजार मात्र रात्रंदिवस, बारा महिने उघडा. माणसाने जागावे तरी किती? म्हणून लोक एक आज्ञाधारक मुनीम ठेवतात. हा मुनीम म्हणजे संगणकावर चालणारी आज्ञावली. तिला आपण नियम लिहून देतो: भाव अमुक सरासरीच्या वर गेला तर घे, तीन टक्के नफा झाला तर वीक, पाच टक्के उतरला तर तोटा सोसून बाहेर पड. ती तेवढेच करते. तिला लोभ नाही, झोप नाही. पण अक्कलही नाही. नियम चुकीचा दिला तर तोही ती रात्रभर निष्ठेने पाळीत राहते.

या व्यवहारात तीन वस्तू तीन ठिकाणी असतात, आणि सगळा घोटाळा त्या एकच समजल्याने होतो. पैसा आणि नाणी असतात एक्स्चेंजवर, म्हणजे सौद्याच्या पेढीवर. खरा सौदा तेथेच होतो. मुनीम असतो आपल्या घरच्या संगणकावर किंवा कोठेतरी भाड्याने घेतलेल्या यंत्रावर. तो एका गुप्त किल्लीच्या आधाराने पेढीला हुकूम पाठवितो. तिसरी वस्तू म्हणजे फलक, डॅशबोर्ड. तो केवळ खिडकी आहे. तिच्यातून मुनिमाची कच्ची वही दिसते. पक्की खतावणी पेढीकडे असते. फलकावर हिरवा आकडा उमटला म्हणजे मुनिमाने आपल्या वहीत तसे लिहिले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

फ्रीकट्रेड नावाची एक आज्ञावली आहे. पायथन भाषेत लिहिलेली, कोणालाही विनामूल्य मिळणारी, आणि आतली प्रत्येक ओळ उघडून पाहता येण्याजोगी. आम्ही नांदेडला स्वतः शिकण्यासाठी तीच घेतली. तिच्या फलकावर जे दिसते तेच थोड्याफार फरकाने इतरांच्याही फलकावर दिसते. उघडे सौदे, मिटलेले सौदे, शिल्लक, आणि मुनिमाची नोंदवही म्हणजे लॉग. शिवाय नफ्याचा आलेख. तो सर्वांत सुंदर आणि सर्वांत कमी उपयोगाचा.

पहिल्या दिवशी पाहावयाची गोष्ट एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते: यंत्र खऱ्या पैशावर चालू आहे की कोरड्या तालमीवर? तालमीत खोटे पैसे असतात, बाजारभाव खरे असतात आणि फलक हुबेहूब तसाच दिसतो. आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने तीन आठवडे तालमीतला नफा पाहून घरी पेढे वाटले होते. पेढे उत्तम होते. तालमीत एक लबाडी आपोआप शिरते, तीही सांगून ठेवतो. तेथे आपण म्हणू त्या भावाला माल मिळाला असे यंत्र सहसा धरून चालते. खऱ्या बाजारात समोर देणारा-घेणारा उभा असावा लागतो.

आता उघड्या आणि मिटलेल्या सौद्यांचा भेद. आपल्या गोदामात शंभर क्विंटल सोयाबीन पडले आहे. ४,००० ने घेतले, आज यार्डात ४,३०० निघाला. तीस हजार फायदा झाला, असे बायकोला सांगण्यास हरकत नाही. पण बँकेचा हप्ता त्यातून भरता येत नाही. माल विकला जाऊन हिशेबपट्टी हाती आली की तो फायदा झाला. फलकावरच्या एकूण नफ्यात बहुधा ही दोन्ही रूपे एकत्र मिसळलेली असतात. आमच्या स्नेह्यांच्या ४१,३०० पैकी २९,००० हे चार उघड्या सौद्यांतले होते. मिटलेल्या सौद्यांतून हाती आलेले होते १२,३००.

आणि उघड्या सौद्याची किंमत तरी कशी धरतात? जगात कोठेतरी शेवटचा सौदा ज्या भावाला झाला, तो भाव आपल्या सगळ्या मालाला लावून. बिटकॉइनसारख्या नाण्यास हे चालून जाते, कारण तेथे घेणारे पुष्कळ. लहानसहान नाण्यांत तसे नाही. मोंढ्यावर दोन पोते तीळ एका हौशी गिऱ्हाईकाने चढ्या भावाने नेले, म्हणून चाळीस पोत्यांना तो भाव मिळेल असे कोणी धरीत नाही. फलक मात्र बिनदिक्कत धरतो. स्नेह्यांच्या २९,००० पैकी १९,००० अशाच एका नाण्यातले होते. आम्ही त्यांना पेढीवरची मागणी-पुरवठ्याची यादी उघडून दाखविली. दाखविलेल्या भावाला घेणारा होता तो मूठभर मालाचा, आणि त्याखालचा घेणारा बराच खाली उभा होता. तेव्हा शेठजी प्रथमच गप्प झाले.

यशाची टक्केवारी हीही अशीच भुलविणारी गोष्ट. दहापैकी नऊ सौदे फायद्याचे, असे फलक अभिमानाने सांगतो. नऊ सौद्यांत शंभर-शंभर रुपये मिळाले आणि दहाव्यात बाराशे गेले, तर नव्वद टक्के यश मिळवूनही तीनशेचा तोटा होतो. ज्या मुनिमाला छोटा नफा चटकन घेण्याची आणि तोटा लांबवीत ठेवण्याची मुभा दिली आहे, त्याची टक्केवारी नेहमीच देखणी असते. त्याऐवजी दुसरा आकडा शोधावा: शिल्लक तिच्या सर्वोच्च बिंदूपासून जास्तीत जास्त किती खाली आली होती. इंग्रजीत त्यास ड्रॉडाउन म्हणतात. आपण घसरण म्हणू. ज्याला तीस टक्के घसरण सोसून रात्री झोप लागत नाही, त्याने तीस टक्के घसरलेले यंत्र चालवू नये. येथे वर्षाखेरच्या नफ्याचे आमिष कामास येत नाही, कारण असा माणूस नेमका घसरणीच्या तळाशी यंत्र बंद करतो.

एवढे झाले तरी ३१,००० चा प्रश्न सुटत नव्हता. शेठजींचा संशय पेढीवर होता. आम्ही त्यांना पेढीकडून उतरवून घेतलेला खातेउतारा मागितला, आणि उत्तर पहिल्याच पानावर होते. १ जुलै २०२२ पासून क्रिप्टोच्या विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. हा एक टक्का नफ्यावर नसून विक्रीच्या पूर्ण रकमेवर असतो. त्यांच्या मुनिमाने चार महिन्यांत लहानमोठे सौदे फिरवून एकूण ३१ लाखांची विक्री केली होती. दोन लाखांच्या भांडवलावर ३१ लाखांची विक्री! माणूस एवढी उलाढाल करूच शकला नसता. ३१ लाखांचा एक टक्का म्हणजे ३१,०००. मुनिमाच्या वहीत घेतलेला भाव, विकलेला भाव आणि पेढीचे शुल्क यांचीच नोंद होती. सरकारने मध्ये हात घातला हे त्याला कोणी शिकविलेच नव्हते. पैसे कोणी खाल्ले नव्हते. ते प्राप्तिकर खात्याकडे शेठजींच्या नावे जमा होते आणि विवरणपत्र भरताना वळते होणार होते. पण तोवर ते भांडवल म्हणून मेलेलेच.

या एक टक्क्याचे गणित आम्ही व्याख्यानात फळ्यावर मांडले होते, ते येथेही देतो. सगळे भांडवल दरवेळी घालून सगळे विकावयाचे, नफा नाही, तोटाही नाही, असे समजा. प्रत्येक विक्रीस शंभराचे नव्व्याण्णव उरतात. अशा ६९ विक्री झाल्या की भांडवल निम्मे राहते. दिवसाला पाच सौदे करणाऱ्या यंत्रास याला चौदा दिवस पुरतात. बॉट विकणारे लोक परदेशातल्या यशाचे आलेख दाखवितात. त्यांत हा एक टक्का नसतो.

यापेक्षा कडू गोष्ट पुढेच आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर चार टक्के उपकर. आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्या सौद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. किराणा दुकानदाराला साखरेतला तोटा डाळीतल्या नफ्यातून वजा करता येतो. येथे ती सोय नाही. शेठजींच्या मिटलेल्या सौद्यांत फायद्याच्या सौद्यांची बेरीज ६८,३०० आणि तोट्याच्या सौद्यांची ५६,००० होती. म्हणून फलक १२,३०० निव्वळ नफा दाखवीत होता. कर मात्र ६८,३०० वर. तीस टक्क्यांचे २०,४९० आणि उपकर धरून २१,३१०. म्हणजे चार महिन्यांच्या खटाटोपात, फलकाने हिरव्या अक्षरांत नफा दाखविला असताना, प्रत्यक्षात ९,०१० रुपयांचा खड्डा पडला होता. शेठजींनी हे गणित तीनदा करून पाहिले. तिसऱ्यांदा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि चहा सांगितला.

यावरून फलक खोटा ठरत नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो बरोबर देतो. आपण त्याला भलताच प्रश्न विचारलेला असतो. हिशेबाच्या जुन्या शिस्तीत दोन वह्यांचा मेळ घालण्याला जे स्थान होते, तेच येथे आहे. रोज एका ठराविक वेळी मुनिमाची शिल्लक एका रकान्यात, पेढीची शिल्लक दुसऱ्यात, आणि फरकाचे कारण तिसऱ्यात लिहावे. कधी हुकूम अर्धाच पुरा झालेला असतो. कधी यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर पेढीवर त्याचा एखादा हुकूम बेवारशी पडून राहतो. कधी आपणच पेढीवर जाऊन हाताने नाणे विकलेले असते आणि मुनीम बापडा अजून त्या नाण्याची राखण करीत बसलेला असतो. या तिसऱ्या चुकीपुरता उपाय सोपा आहे: यंत्राने घेतलेले नाणे विकावयाचे तर फलकावरच्या सक्तीच्या विक्रीच्या बटणानेच विकावे, म्हणजे वही आणि माल बरोबर राहतात.

नोंदवही, म्हणजे लॉग, सहसा कोणी वाचीत नाही. वाचली नाही तर काय होते, याचे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअरदलालीच्या बड्या कंपनीने आठ संगणकांवर नवी आज्ञावली बसविली, असे तिला वाटत होते. वस्तुतः ती सातांवरच बसली होती. आठव्यावर वर्षानुवर्षे निजलेली एक जुनी आज्ञावली जागी झाली आणि तिने पाऊण तासात लक्षावधी हुकूम बाजारात सोडले. तोटा ४४ कोटी डॉलरहून अधिक. बाजार उघडण्यापूर्वी कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेने चुकीची खूण असलेले ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांना पाठविले होते. ते धोक्याचे इशारे आहेत असे कोणी मानले नाही. गडबडीत दुरुस्ती म्हणून त्यांनी ज्या सात संगणकांवर सारे ठीक होते, तेथलीही नवी आज्ञावली काढून टाकली. मग सगळेच आठ संगणक चुकू लागले. तेथे शहाण्या माणसांची वाण नव्हती. थांबवावयाचे कसे हे आधी ठरलेले नव्हते.

थांबविण्याची बटणे फलकावर साधारण तीन असतात आणि तिन्हींचा अर्थ निरनिराळा. पहिले, नवे सौदे घेणे बंद. जुने नियमाप्रमाणे मिटत राहतात. शंका आली की प्रथम हेच दाबावे. दुसरे, यंत्रच बंद. येथे पुष्कळांची फसगत होते. यंत्र बंद केल्याने माल विकला जात नाही. मुनीम घरी गेला, गोदाम उघडे राहिले, अशी ती अवस्था. तिसरे, सक्तीची विक्री: आत्ताच्या आत्ता बाहेर पडा, मिळेल तो भाव घ्या. तीन बटणांचा सराव कोरड्या तालमीत करून ठेवावा. आग लागल्यावर विहीर खणू नये ही म्हण सर्वांस पाठ आहे, तरी तालमीच्या वेळी कोणी बटण दाबून पाहत नाही.

आमच्याच फजितीची एक हकीकत सांगतो. मे महिन्यात देगलूरला एका लग्नास गेलो होतो. मोबाईलवर घरच्या यंत्राचा फलक उघडा. उघड्या सौद्यात ६१२ रुपये फायदा. दोन तास अधूनमधून पाहत होतो, ६१२ च. बाजार शांत आहे असे समजून आम्ही जेवणाच्या पंगतीत निर्धास्त बसलो. नांदेडला तेवढ्यात वळवाचा पाऊस येऊन लाइट गेली होती. संगणकाला इन्व्हर्टर होता, इंटरनेटच्या डबीला नव्हता. पडद्यावर दिसत होता तो दोन तासांपूर्वीचा आकडा. आणि पाच टक्क्यांच्या तोट्यावर विकण्याचा नियम होता मुनिमाच्या डोक्यात. पेढीवर तसा हुकूम ठेवलेला नव्हता. जोडणी परत आली तेव्हा १,९०० रुपये गेले होते. रक्कम लहान म्हणून हसता येते. तेव्हापासून आम्ही आकड्याआधी शेवटच्या नोंदीची वेळ पाहतो, आणि स्टॉपलॉसचा हुकूम शक्य तेथे पेढीवरच टाकून ठेवतो, म्हणजे घरची लाइट गेली तरी तो तेथे उभा राहतो. तोही रामबाण नव्हे. १० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री क्रिप्टोचे भाव असे कोसळले की एका दिवसात जगभर उसनवारीवरचे सुमारे १,९०० कोटी डॉलरचे सौदे पेढ्यांनी सक्तीने मोडून काढले. अशा वेळी ठरविलेला भाव आणि मिळालेला भाव यांत पुष्कळ अंतर पडते. उसन्या पैशावर यंत्र चालवू नये असे आम्ही म्हणतो ते त्यासाठी.

किल्लीविषयी थोडे. पेढी जी गुप्त किल्ली देते, तिला तीन अधिकार देता येतात: पाहण्याचा, सौदा करण्याचा, पैसे काढण्याचा. तिसरा मुनिमास कधीही देऊ नये. किल्ली आपल्याच संगणकाच्या पत्त्यावरून चालावी अशी अटही घालता येते, ती घालावी. पण एवढ्यानेही भय संपत नाही. थ्रीकॉमाज नावाच्या, असे फलक पुरविणाऱ्या परदेशी कंपनीकडून डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या सुमारे एक लाख किल्ल्या फुटल्या. पैसे काढण्याचा अधिकार नसतानाही चोर नुकसान करू शकतो. आपल्याच किल्लीने तो एखादे टाकाऊ नाणे चढ्या भावाने घ्यावयास लावतो, आणि विकणारा तोच असतो.

आणि फलक, मुनीम, किल्ली सगळे चोख असूनही पेढीच अडली तर? वझीरएक्स या मुंबईच्या पेढीवर १८ जुलै २०२४ रोजी चोरी होऊन सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली. ग्राहकांच्या पडद्यावर शिल्लक दिसत होती, नाणी काढता येत नव्हती. सिंगापूरच्या न्यायालयातून योजना मंजूर होऊन व्यवहार पुन्हा सुरू होण्यास ऑक्टोबर २०२५ उजाडले. शेअरबाजारातील किरकोळ ग्राहकांच्या यंत्र-सौद्यांसाठी सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने नियमांची चौकट घातली. क्रिप्टोला ती लागू नाही. येथे दाद मागावयाची तर वाट लांबची आहे.

आता ज्यामागे सौदाच नाही अशा फलकाविषयी. गेनबिटकॉइन प्रकरण महाराष्ट्रात ठाऊक आहे. २०१५ च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेत अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा बिटकॉइनमध्येच देण्याचे आश्वासन होते. तेथे बॉट नव्हता, बिटकॉइन घडविण्याच्या कारखान्याची कथा होती. पण गुंतवणूकदाराच्या हाती असे ते पडद्यावरचे खाते आणि त्यातला वाढता आकडा. पुढे बिटकॉइनऐवजी कंपनीचेच एक हलके नाणे लोकांच्या माथी मारण्यात आले. मुख्य आरोपी अमित भारद्वाज यांना पुणे पोलिसांनी २०१८ साली अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरचे गुन्हे सीबीआयकडे सोपविले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये साठांवर ठिकाणी झडत्या झाल्या. आज तीच कथा बॉटचे कपडे घालून व्हॉट्सॲपच्या गटांतून हिंडते. ओळखण्याची खूण अशी: खऱ्या फलकास पैसे लागत नाहीत, तो आपल्या नावाच्या पेढीतल्या खात्याशी जोडला जातो. जो फलक स्वतःच पैसे भरून घेतो, त्याच्याकडून पहिल्याच आठवड्यात पाचशे रुपये आपल्या बँकेत परत मागून पाहावेत. "आधी कर भरा, मग पैसे काढा" असे उत्तर आले की पुढचे पैसे पाठवू नयेत आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

लातूरला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसलो. शेठजींनी प्रथम नवे सौदे बंद केले. मग त्या हलक्या नाण्याची विक्री फलकावरूनच, आपला भाव लावून, पाच हप्त्यांत केली. १९,००० दाखविणाऱ्या सौद्यात प्रत्यक्ष ११,४०० हाती आले. उरलेले तीन सौदे नियमाप्रमाणे मिटू द्यावयाचे ठरले. त्यांनी गल्ल्यातून लाल कापडी पुठ्ठ्याची एक कोरी वही काढली, तीन रकाने आखले, आणि तिसऱ्या रकान्यात टीडीएसची रक्कम तारीखवार उतरविण्यास मुलाला बसविले. आम्ही नांदेडची बस धरली.

दुसऱ्या दिवशी रात्री नऊला त्यांचा फोन आला. "सर, मेळ बसला. चाळीस रुपयांचा फरक निघालाय. पेढीच्या शुल्कात असंल म्हणतो पोरगा, पण मी अजून शोधायलोय."